कमिन्स डीझेल स्पेशल

कमिन्स डीझेल स्पेशल : टर्बोचार्जर बसविलेली आद्य शर्यती मोटारगाडी. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या कोलंबस या गावी असलेल्या कमिन्स एंजिन कंपनीने ती १९५२ सालच्या इंडियानापोलिस ५०० मैल शर्यतीसाठी तयार केली. मालमोटारीच्या डीझेल एंजिनावरून घडविलेले एंजिन असूनही तिने पात्रता फेरीत प्रारंभरेषेवरील पहिले स्थान पटकाविले. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र ती ७१ फेऱ्यांनंतर निवृत्त झाली व अंतिम क्रमवारीत सत्ताविसावी ठरली. १९५० ते १९६० या काळात इंडियानापोलिसची शर्यत चालकांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत गणली जात असे. त्यामुळे या स्पर्धेत उतरलेली पहिली टर्बोचार्जरयुक्त गाडी हा मानही तिच्याकडे जातो. एकही शर्यत न जिंकलेल्या या गाडीने मोटार शर्यतींच्या तंत्रास जे वळण लावले, त्याचा मागोवा पुढे घेतला आहे. ज्या कंपनीने ती घडविली, तिचा १९६२ पासून पुण्याशी, म्हणजे महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाशीही निकटचा संबंध आला.

टर्बोचार्जरचे तत्त्व : अंतर्ज्वलन एंजिनाची शक्ती मुख्यतः सिलिंडरात किती इंधन जाळता येते यावर अवलंबून असते आणि किती इंधन जळेल हे आत येणाऱ्या हवेवर ठरते. साध्या एंजिनात दट्ट्या खाली सरकताना निर्माण होणाऱ्या ओढीनेच हवा आत येते. अशा एंजिनाची शक्ती वाढवावयाची तर सिलिंडर मोठे करावे लागतात किंवा एंजिनाची गती वाढवावी लागते. तिसरा मार्ग म्हणजे हवा दाबून सिलिंडरात भरणे. हा दाब देणारा संपीडक एंजिनाच्या दंडावरून दंतचक्रांनी वा पट्ट्याने चालविल्यास त्यास सुपरचार्जर म्हणतात. तथापि त्यासाठी एंजिनाने निर्माण केलेल्या शक्तीचाच काही भाग खर्ची पडतो. टर्बोचार्जरमध्ये हा खर्च वाचतो. इंधनातील उष्णतेचा सुमारे एकतृतीयांश भाग निष्कास वायूंबरोबर वाया जातो. हे तप्त वायू एका छोट्या टरबाइनाच्या पात्यांवर सोडले, की ते टरबाइन वेगाने फिरते व त्याच दंडाच्या दुसऱ्या टोकावरील संपीडक ताजी हवा दाबून एंजिनात पाठवितो.

ही योजना डीझेल एंजिनास विशेष मानवते. डीझेल एंजिनात केवळ हवा दाबली जाते व त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडल्यावर ते पेटते. त्यामुळे जादा हवा भरली असता ज्वलन बिघडण्याऐवजी सुधारते. पेट्रोल एंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जात असल्याने दाब व तापमान प्रमाणाबाहेर वाढल्यास अकाली स्फोटक ज्वलन होऊन दट्ट्यांना इजा पोहोचते. टर्बोचार्जरचा एक उपजत दोष मात्र दोन्ही एंजिनांना सारखाच भोवतो. चालकाने वेगवर्धक दाबल्यावर प्रथम निष्कास वायूंचा झोत वाढावा लागतो, मग टरबाइनाला गती येते आणि त्यानंतरच दाब वाढतो. या विलंबामुळे वळणातून बाहेर पडताना गाडी क्षणभर मंद राहते व नंतर एकदम उसळते.

पूर्वपीठिका : टर्बोचार्जरची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याची असून तिचे पहिले एकस्व त्याला १९०५ मध्ये मिळाले. ती व्यवहारात येण्यास मात्र वीस वर्षे लागली, कारण निष्कास वायूंच्या तापमानास टिकणारी मिश्रधातूंची पाती आरंभी उपलब्ध नव्हती. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने १९१८ मध्ये पाइक्स पीक या पर्वताच्या माथ्यावर, सु. ४,३०० मी. उंचीवर, विमानाच्या एंजिनास टर्बोचार्जर जोडून विरळ हवेतही त्याची शक्ती टिकविता येते हे दाखविले. १९२०–३० या दशकात मोठ्या सागरी डीझेल एंजिनांत आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंचावरून उडणाऱ्या विमानांत त्याचा प्रसार झाला. जमिनीवरील वाहनांत मात्र तो क्वचितच आढळे.

कमिन्स कंपनीची स्थापना १९१९ मध्ये झाली. तिचा संस्थापक क्लेसी कमिन्स हा कोलंबस येथील एका बँकमालकाचा मोटारचालक होता व त्याच मालकाच्या भांडवलावर त्याने उद्योग उभारला. त्या काळी डीझेल एंजिन म्हणजे जहाजातील किंवा कारखान्यातील अवजड, धूर ओकणारे यंत्र असा समज दृढ होता. ते रस्त्यावरही चालते, हे लोकांना पटवून देण्यासाठी कमिन्सने शर्यतीचा आश्रय घेतला. १९३१ मध्ये डेव्ह एव्हान्सने चालविलेल्या कमिन्सच्या डीझेल गाडीने इंडियानापोलिसचे संपूर्ण ५०० मैल (सु. ८०५ किमी.) इंधनासाठी वा दुरुस्तीसाठी एकदाही न थांबता पार केले. ती तेरावी आली. वेगापेक्षा काटकसर व टिकाऊपणा हे गुण त्या दिवशी सिद्ध झाले. १९३४ मध्ये कंपनीने द्विधाव व चतुर्धाव अशी दोन्ही प्रकारची एंजिने शर्यतीत उतरविली. १९५० मध्ये सुपरचार्जर बसविलेली गाडी आणली, पण ती यांत्रिक बिघाडामुळे शर्यत पुरी करू शकली नाही. सुपरचार्जरऐवजी टर्बोचार्जर वापरण्याचा निर्णय या अनुभवानंतरचा आहे.

गाडीची रचना : त्या वेळच्या इंडियानापोलिसच्या नियमांनुसार डीझेल एंजिनास ६·६ लिटरपर्यंत घनफळाची मुभा होती. पेट्रोल एंजिनांच्या मानाने ही सवलत मोठी होती, कारण डीझेल गाडी आघाडीस येईल असे नियमकर्त्यांना वाटत नव्हते. कमिन्सने सहा सिलिंडरांचे मालमोटारीचे एंजिन घेऊन त्याचे भाग ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांच्या हलक्या मिश्रधातूंत बनविले आणि त्यास टर्बोचार्जर जोडला. त्यापासून ४०० च्या आसपास अश्वशक्ती मिळू लागली. इंधन पुरविणारी यंत्रणाही नवी होती. कंपनीने १९५४ पासून आपल्या मालमोटारींच्या एंजिनांत आणलेल्या, दाब व काल यांवर आधारलेल्या सुप्रसिद्ध इंधनपुरवठा पद्धतीचे ते पूर्वरूप होय.

गाडीचा सांगाडा कॅलिफोर्नियातील नामवंत कारागीर फ्रँक कर्टिस याच्या कारखान्यात तयार झाला. उंच एंजिन उभे ठेवले असते, तर गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला असता व वळणावर ती अस्थिर झाली असती. म्हणून एंजिन जवळजवळ आडवे, क्षितिजसमांतर पातळीशी अवघ्या ५ अंशांचा कोन करून बसविण्यात आले. चाकांकडे शक्ती नेणारा दंड चालकाच्या आसनाखालून न नेता बाजूने नेला. त्यामुळे आसन खाली घेता आले व संपूर्ण गाडी बसकी झाली. तिच्या बाह्यांगाची तपासणी वातविवरात करण्यात आली. इंडियानापोलिसच्या गाड्यांत असे परीक्षण झालेली ही पहिलीच गाडी मानतात. तिचे वजन सु. १,४०० किग्रॅ. भरले. प्रतिस्पर्धी गाड्या तिच्याहून पुष्कळ हलक्या होत्या.

१९५२ ची शर्यत : पात्रता फेरीत प्रत्येक गाडीस अडीच मैलांच्या मार्गावर चार फेऱ्या एकटीने धावावयाच्या असतात. अनुभवी चालक फ्रेड अगाबाशियन याने त्या ताशी १३८·०१० मैल (सु. २२२ किमी.) या सरासरी वेगाने पुऱ्या केल्या. तो त्या क्षणापर्यंतचा उच्चांक होता. पुढील दिवसांच्या फेऱ्यांत इतर चालकांनी तो मोडला, तथापि स्थाननिश्चितीच्या नियमानुसार अग्रस्थान अगाबाशियनकडेच राहिले. चारच फेऱ्यांत गाडीच्या वजनाने टायरांची झालेली झीज मात्र तिच्या पुढील अडचणींची सूचना देणारी होती.

३० मे १९५२ रोजी शर्यत झाली. आरंभीच टर्बोचार्जरचा विलंब व गाडीचे वजन यांमुळे हलक्या गाड्या पुढे निघून गेल्या. नंतर स्थिर वेग घेतल्यावर तिची चाल सुधारली. परंतु पुढे एंजिनाची शक्ती घटू लागली व निष्कास नळीतून काळा धूर येऊ लागला. ७१ फेऱ्यांनंतर, म्हणजे सु. २८६ किमी. अंतर कापल्यावर, गाडी थांबवावी लागली. तपासणीअंती दोष सापडला तो क्षुल्लक होता. संपीडकास हवा पुरविणारे तोंड गाडीच्या पुढील भागात अगदी खाली ठेवले होते. इतर गाड्यांच्या टायरांचे कण व मार्गावरील धूळ त्यात शोषली जाऊन हवेचा मार्ग तुंबला होता. हवा कमी पडली, इंधन मात्र तेवढेच येत राहिले आणि अर्धवट जळालेल्या इंधनाचा धूर झाला. एंजिन वा टरबाइन निकामी झाले नव्हते. वातविवरातील हवा स्वच्छ असते व शर्यतमार्गावरील हवा तशी नसते, एवढाच फरक आराखड्यात राहून गेला होता. ती शर्यत ट्रॉय रटमनने जिंकली. कमिन्स कंपनीने पुन्हा इंडियानापोलिससाठी गाडी बांधली नाही. ही गाडी मात्र तिने जतन करून ठेवली आहे.

इंडियानापोलिसवरील परिणाम : गाडीचा सर्वांत लवकर दिसलेला परिणाम एंजिनापेक्षा तिच्या बांधणीचा होता. एंजिन आडवे करून गाडी बसकी करण्याची कल्पना पुढे जॉर्ज सॅली याने ऑफनहाउसर एंजिनासाठी वापरली. त्याची गाडी १९५७ मध्ये सॅम हँक्सने व १९५८ मध्ये जिमी ब्रायनने चालवून सलग दोन वर्षे विजयी केली. टर्बोचार्जर मात्र शर्यतीत परत येण्यास चौदा वर्षे जावी लागली. १९६६ मध्ये ऑफनहाउसर एंजिनाची टर्बोचार्जरयुक्त आवृत्ती इंडियानापोलिस येथे अवतरली. १९६८ मध्ये बॉबी अन्सरने तिच्या बळावर शर्यत जिंकली. टर्बोचार्जरचा तेथील हा पहिला विजय होय. त्यानंतर १९९६ पर्यंत प्रत्येक वर्षीची विजयी गाडी टर्बोचार्जरयुक्त होती. काही वर्षांच्या खंडानंतर २०१२ पासून तेथे पुन्हा टर्बोचार्जरयुक्त एंजिने वापरात आली.

यूरोपातील प्रसार : यूरोपात बी. एम. डब्ल्यू. कंपनीने १९६९ मध्ये प्रवासी गाड्यांच्या शर्यतींत टर्बोचार्जर वापरला. पोर्श कंपनीने अमेरिकेतील कॅन-ॲम मालिकेत १९७२ व १९७३ साली त्यायोगे निर्विवाद वर्चस्व मिळविले. १९७३ सालच्या पोर्श ९१७/३० या गाडीची शक्ती १,००० अश्वशक्तीहून अधिक होती. फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत टर्बोचार्जरयुक्त गाडीने प्रथम जिंकली ती १९७६ मध्ये व तीही पोर्शच्याच.

फॉर्म्युला वन शर्यतींत १९६६ पासून ३ लिटरचे साधे एंजिन किंवा १·५ लिटरचे दाबित हवेचे एंजिन असा पर्याय नियमांत होता. दुसरा पर्याय अकरा वर्षे कोणीच स्वीकारला नाही. निम्म्या घनफळाच्या एंजिनातून तेवढीच शक्ती काढणे अव्यवहार्य समजले जाई. फ्रान्सच्या रनो कंपनीने हे आव्हान घेतले. तिची आर. एस. ०१ ही पिवळी गाडी १६ जुलै १९७७ रोजी सिल्व्हरस्टोन येथील ब्रिटिश ग्रां प्रीमध्ये झां-प्येर जाबुईने चालविली. ती एकविसाव्या स्थानावरून निघाली आणि अर्ध्यावरच बंद पडली. वारंवार पांढरी वाफ व धूर सोडणाऱ्या या गाडीस इंग्रज प्रेक्षकांनी ‘पिवळी चहादाणी’ असे नाव ठेवले. तथापि ऑक्टोबर १९७८ मध्ये वॉटकिन्स ग्लेन येथे ती चौथी आली व टर्बोचार्जरला फॉर्म्युला वनमधील पहिले गुण मिळाले. मार्च १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी येथे तिने अग्रस्थान मिळविले. हे ठिकाण समुद्रसपाटीपासून सु. १,५०० मी. उंचीवर आहे. तेथील विरळ हवेत साध्या एंजिनांची शक्ती घटते, टर्बोचार्जरयुक्त एंजिनाची फारशी घटत नाही. मॉसने पर्वतमाथ्यावर दाखविलेल्या तत्त्वाचा शर्यतमार्गावर आलेला हा प्रत्यय होता. १ जुलै १९७९ रोजी दीझाँ येथे जाबुईने आर. एस. १० या पुढील गाडीने, प्रत्येक सिलिंडर-ओळीस स्वतंत्र टर्बोचार्जर वापरून, फ्रेंच ग्रां प्री जिंकली.

यानंतर इतर कंपन्यांनी त्वरेने अनुकरण केले. १९८२ मध्ये फेरारीने टर्बोचार्जरयुक्त गाडीने निर्मात्यांचे अजिंक्यपद मिळविले. १९८३ मध्ये नेल्सन पीके हा ब्रॅबम-बी. एम. डब्ल्यू. गाडीतून चालकांचे अजिंक्यपद मिळविणारा पहिला टर्बोचार्जर-चालक ठरला. नवी वाट पाडणाऱ्या रनोला मात्र त्या पर्वात एकही अजिंक्यपद लाभले नाही. या बाबतीत तिचे नशीब कमिन्सच्या गाडीसारखेच निघाले.

नियमन : टर्बोचार्जरच्या यशाने एक नवा प्रश्न उभा केला. हवेचा दाब वाढविला की शक्ती वाढते. मग ही मर्यादा घालावयाची कोठे? शक्तीबरोबर धोका आणि खर्च वाढत होता व छोटे संघ मागे पडत होते. आंतरराष्ट्रीय नियामक मंडळाने प्रथम इंधनावर निर्बंध घातले. एका शर्यतीसाठी १९८४ मध्ये २२० लिटर, १९८६ मध्ये १९५ लिटर व १९८८ मध्ये टर्बोचार्जरयुक्त गाड्यांना केवळ १५० लिटर इंधनाची परवानगी उरली. हवेचा दाबही १९८७ मध्ये ४ बार व १९८८ मध्ये २·५ बारपर्यंत मर्यादित केला गेला. असे असूनही १९८८ मध्ये मॅकलॅरन-होंडा गाड्यांनी १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या. १९८९ पासून टर्बोचार्जरवर संपूर्ण बंदी आली.

बंदी २०१४ मध्ये उठली, तेव्हा त्यामागील हेतू नेमका उलटा होता. एके काळी अमर्याद शक्तीचे साधन म्हणून दूर केलेला टर्बोचार्जर इंधनबचतीचे साधन म्हणून परत आला. १·६ लिटरचे सहा सिलिंडरांचे एंजिन व विद्युत् साहाय्य यांच्या जोडीस एका शर्यतीसाठी १०० किग्रॅ. इंधनाची मर्यादा घालण्यात आली. ही मर्यादा पुढे वाढविण्यात आली. निरोधकांपासून मिळणाऱ्या ऊर्जेप्रमाणेच निष्कास वायूंतील ऊर्जेपासूनही वीज निर्माण करण्याची सोय त्यात होती. ती २०२६ च्या नियमांत वगळण्यात आली, टर्बोचार्जर मात्र कायम राहिला.

डीझेलची प्रतिष्ठाही उशिरा का होईना सिद्ध झाली. १९९८ मध्ये न्युर्बुर्गरिंग येथील २४ तासांची शर्यत बी. एम. डब्ल्यू.च्या डीझेल गाडीने व २००६ मध्ये ल मांची शर्यत आउडी आर १० या डीझेल गाडीने जिंकली. दोन्ही एंजिने टर्बोचार्जरयुक्त होती. अगाबाशियनच्या पात्रता फेरीस तोवर ५४ वर्षे लोटली होती.

महाराष्ट्राशी संबंध : किर्लोस्कर उद्योगसमूह व कमिन्स कंपनी यांच्या सहकार्याने पुणे येथे १९६२ मध्ये किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी स्थापन झाली. शंतनुराव किर्लोस्कर यांच्या नेतृत्वाखाली किर्लोस्कर ऑइल एंजिन्स १९४६ पासून पुण्यात डीझेल एंजिने बनवीतच होती. नव्या कंपनीच्या कोथरूड येथील कारखान्यामुळे अधिक शक्तीची एंजिने देशात तयार होऊ लागली व धरणांवरील मातीकामाची यंत्रे, खाणी व वीजजनित्रे यांत ती वापरली गेली. पुढे किर्लोस्कर समूह या भागीदारीतून बाहेर पडला व कंपनी कमिन्स इंडिया या नावाने ओळखली जाऊ लागली. सातारा जिल्ह्यातील फलटण येथेही तिचे कारखाने आहेत. वाहनांचे परीक्षण करणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही पुण्यातच १९६६ मध्ये स्थापन झाली. शर्यतीच्या क्षेत्रात मुंबईचा जेहान दारूवाला याने फॉर्म्युला टू मालिकेत डिसेंबर २०२० मध्ये सखीर येथे विजय मिळविला. त्या मालिकेच्या गाड्यांत २०१८ पासून ३·४ लिटरचे टर्बोचार्जरयुक्त एंजिन वापरतात.

तथापि टर्बोचार्जरचा महाराष्ट्रातील खरा प्रसार शर्यतमार्गावर झालेला नाही. भारतात वाहनांच्या धुराविषयीचे नियम क्रमाने कडक होत गेले व १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हा टप्पा लागू झाला. कमी धुरात अधिक शक्ती मिळविण्याच्या या गरजेमुळे मालमोटारींच्या डीझेल एंजिनांत टर्बोचार्जर हा नित्याचा भाग बनला. जालना जिल्ह्याचे उदाहरण बोलके आहे. येथे मोटारींचा कारखाना नाही आणि शर्यतमार्गही नाही. पण जालन्याच्या पोलाद गिरण्यांतील सळया, बियाण्यांची पोती, कापूस व मोसंबी वाहून नेणाऱ्या मालमोटारी समृद्धी महामार्गावरून जातात, तेव्हा त्यांच्या एंजिनांत १९५२ साली इंडियानापोलिसला आजमावलेली तीच यंत्रणा काम करीत असते. उन्हाळ्यात मराठवाड्याच्या काळ्या मातीची धूळ हवेत भरून राहते. अशा ठिकाणी हवागाळणी वेळेवर साफ न केल्यास टर्बोचार्जरला हवा कमी पडते, ओढ घटते व निष्कास नळीतून काळा धूर येतो. अगाबाशियनच्या गाडीतील बिघाडाची हीच लक्षणे होती. येथील कोणताही जाणता चालक ती ओळखतो व त्यावरचा उपायही जाणतो.

मूल्यमापन : शर्यतीचा इतिहास बहुधा विजेत्यांच्या नावांनी लिहिला जातो. त्या दृष्टीने पाहता कमिन्स डीझेल स्पेशलच्या नावावर एक अग्रस्थान व एक अपयश एवढीच नोंद आहे. तिच्यामुळेच पुढील सर्व गाड्यांना टर्बोचार्जर सुचला, असे म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल, कारण ऑफनहाउसर, पोर्श व रनो यांनी आपापले प्रश्न स्वतंत्रपणे सोडविले. परंतु वाया जाणाऱ्या उष्णतेच्या बळावर एखादी गाडी जगातील वेगवान गाड्यांच्या पुढे उभी राहू शकते, हे तिने सर्वांआधी दाखवून दिले. या यंत्रणेची तिन्ही दुखणीही, म्हणजे विलंब, वजन व हवेची स्वच्छता, तिने एकाच दिवशी उघड केली. पुढील अर्धशतकातील अभियंत्यांचे परिश्रम बव्हंशी या तीन दुखण्यांवरील इलाज शोधण्यात खर्ची पडले. कष्टाच्या कामासाठी जन्मलेले एंजिन शर्यतीत हरले आणि त्याने शिकविलेले धडे घेऊन पुन्हा कष्टाच्या कामावर रुजू झाले. त्या गाडीची खरी फलश्रुती हीच म्हणावी लागेल.

[⟶ अंतर्ज्वलन एंजिन; डीझेल एंजिन; मोटारगाडी; मोटार शर्यती].